झुडपी जंगलातलं आमचं घर

नगरपंचायतीच्या घरकुल विभागात मी आठ वर्षं खिडकीमागं बसले. विभाग म्हणजे जुन्या ग्रामपंचायतीच्या कोठाराची अर्धी खोली, एक कॉम्प्युटर आणि मर्जी असेल तेव्हा चालणारा प्रिंटर. नोकरी कंत्राटी. कागदावर माझं काम माहिती भरण्याचं होतं. प्रत्यक्षात लोक हातात कागद घेऊन यायचे, त्यावरच्या एखाद्या शब्दावर बोट ठेवायचे आणि विचारायचे, "हे का जी, बाई?" मी सांगायचे. दिवसभर तेच.

लाभार्थी म्हणजे घर मिळालेला माणूस नव्हे. लाभार्थी म्हणजे घर मागितलेला आणि अजून नियमाच्या चाळणीतून खाली न पडलेला माणूस. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली लेकरं. म्हातारी आई त्यात धरत नाहीत, ती वेगळी. हे सांगताना समोरच्या मुलाची मान खाली जायची आणि शेजारी उभ्या म्हातारीची वर. चटई क्षेत्र म्हणजे भिंती सोडून आतली पाय ठेवायची जागा. एका आजीनं हे नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग भिंती कोनाच्या?" मी पुढच्याला बोलावलं.

बसस्टँडवर एक मोठा फलक लागला होता, शहर पुनर्विकासाचा. त्यावर उंच इमारती आणि पुढं कारंजं. आमच्या गावात उन्हाळ्यात नळाला दिवसाआड पाणी येतं, तरी फलकावर कारंजं. पुनर्विकास म्हणजे जुनं पाडून त्याच जागी नवीन बांधणं, आणि पुनर्वसन म्हणजे माणसाला उचलून दुसऱ्या जागी ठेवणं, एवढा फरक मी सांगायचे. लेकरांच्या शाळेसाठी जंगलातलं गाव सोडून आलेली एक गोंड बाई तो फलक पाहून थेट माझ्याकडं आली होती. तिचा प्रश्न एवढाच, "ह्या बिल्डिंगीत मोहफुलं कुठी वाळवाची?" गच्चीवर, असं मी ठोकून दिलं. ती हसली. मी उगीच बोलले हे तिला कळलं होतं.

सगळ्यात अवघड शब्द झुडपी जंगल. हा आमच्या विदर्भातलाच. फार जुन्या काळी कुणीतरी सातबाऱ्यावर काही जमिनींपुढं झुडपी जंगल असं लिहून ठेवलं. तिथं झुडपं होती की नव्हती देव जाणे. नंतर त्यावर गावं वसली, शाळा उभ्या राहिल्या, पोलीस ठाणंसुद्धा बांधलं गेलं. कागद मात्र तिथंच थांबला. अशा जागेवर राहणाऱ्याला पट्टा मिळत नाही. पट्टा म्हणजे ही जागा तुझी, असं सरकारनं लिहून देणं. पट्टा नाही म्हणजे तुम्ही अतिक्रमणधारक. आजोबांच्या काळापासून राहणारी माणसं हा शब्द ऐकून खिडकीवर हात आपटायची. मी त्यांना शांत करायचे. नियमानुकूल करणं चालू आहे म्हणायचे. तेही बरीच वर्षं चालूच होतं.

हे सगळं मी गावाला समजावलं. घरी कधी समजावलं नाही. आमचंही घर झुडपी जंगलात होतं.

माझे बाबा कवेलू, म्हणजे कौलं, फेरायचे. नवीन पोरांना हे काम ठाऊक नाही म्हणून सांगते. आमच्याकडं मातीच्या भिंती आणि वर देशी कवेलूंचं छप्पर. वर्षभर वांदरं त्यावर उड्या मारतात, कवेलू सरकतात, फुटतात. म्हणून मे महिन्यात, मृगाच्या आधी, अख्खं छप्पर उतरवून पुन्हा लावायचं. कमच्या, म्हणजे कवेलूंखालच्या बांबूच्या पट्ट्या, बदलायच्या, फुटलेलं बाजूला काढायचं, बाकीचं एकात एक बसवत न्यायचं. बाबा अनवाणी पायांनी वाशांवरून असे चालायचे की खाली कमची करकरत नसे. गावातले लोक मे महिना लागला की आमच्या दारात. आणि आमचं स्वतःचं घर नेहमी सगळ्यात शेवटी, कधी कधी अर्धं फेरून झालेलं असताना वरून पाऊस. माय त्यावर दरवर्षी तेच बोलायची, "साऱ्या गावाचं झाकते आन माझ्या चुलीवर पानी."

मायला पक्कं घर हवं होतं. मोठं नको, दोन खोल्या, पण वर स्लॅब आणि आतल्या आत मोरी. तिचे गुडघे गेले होते. पावसाळ्यात मागच्या चिखलातून कुडाच्या आडोशापर्यंत जाणं तिला जमत नव्हतं. दोनदा पडली. दुसऱ्यांदा पडली तेव्हा बाबांनी तिला उचलून आणलं आणि दोघंही ओल्या कपड्यांनी ओट्यावर बसून राहिले. "तुयासाठी घर बांधतो," बाबा म्हणाले. बाबांच्या तोंडी असलं बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवसापासून घरकुल ही आमच्या घरातली एकच गोष्ट झाली. आधी ग्रामपंचायतीच्या यादीत नाव होतं. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली आणि ती यादी रद्द झाली, कारण आता आम्ही शहरी झालो होतो. पुन्हा अर्ज, पुन्हा यादी.

नवीन यादी माझ्याच कॉम्प्युटरवर आली. एप्रिल सरत आलेला. बाबांचं नाव त्यात होतं. दुसऱ्या दिवशी पहाटेच मला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला चंद्रपूरला निघायचं होतं. घाईत डबा भरता भरता मी सांगितलं, "बाबा, यादीत नाव आलं." बाबांनी मायकडं पाहिलं. मायनं पदरानं तोंड पुसलं. मी एसटीला पळाले.

खिडकीवर असते तर या एका वाक्याला मी चार वाक्यं जोडली असती. यादीत नाव येणं म्हणजे मंजुरी नव्हे. आता अभियंता येईल, जुन्या घरासमोर तुम्हाला उभं करून मोबाइलवर फोटो काढेल, त्याला जिओ टॅगिंग म्हणतात, म्हणजे फोटोसोबत ती जागाही नकाशावर नोंदवली जाते. तो फोटो होईपर्यंत जुन्या घराची काडी हलवू नका. हे मी शेकडो लोकांना सांगितलं होतं. पाठ होतं मला. पण बापाला कुणी खिडकीवरच्यासारखं समजावतं का? आपण घरात बोलतो तसं बोलतो. आणि खरं सांगायचं तर मला मिरवायचं होतं. नाव आलं, तेही माझ्यामुळं आल्यासारखं.

बाबांनी त्यांच्या हिशेबानं विचार केला. नाव आलं म्हणजे घर आलं. घर बांधायचं म्हणजे जुनं उतरवावं लागणार. मे लागला की सगळे फेरायच्या कामाला, मग हात कोण देणार? आणि मृग लागल्यावर माती ओली, भिंत पाडता येत नाही. म्हणजे हेच दिवस. गल्लीतली माणसं त्यांच्या शब्दाबाहेर नव्हती. प्रत्येकाच्या डोक्यावरचं छप्पर बाबांनीच लावलेलं. सकाळी रांग लागली, हातोहात कवेलू खाली आले. दुसऱ्या दिवशी भिंती.

आमच्याकडची एक रीत आहे. पाडलेल्या घराचं कवेलू विकत नाहीत. ज्याच्या छपराला तूट आहे त्याला देऊन टाकतात. बाबा तर त्याच कामातले. ओट्यावर बसून त्यांनी वाटप केलं. याला एवढे, विधवा बाईला जास्त, मशिदीमागच्या शिंप्याच्या ओसरीला उरलेले. देशी कवेलू आता कुणी भाजत नाही, त्यामुळं लोकही खूश. संध्याकाळपर्यंत आमचं छप्पर सगळ्या गल्लीत वाटलं गेलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी प्रशिक्षणात साहेब पडद्यावर दाखवत होते, नवीन ॲपमध्ये जुन्या घराचा फोटो नसेल तर पुढचं पान उघडतच नाही. मी वहीत लिहून घेतलं, खाली दोन रेघा ओढल्या, घरी जाऊन लोकांना सांगायचं म्हणून. त्या वेळी आमच्या भिंती जमिनीला लागल्या होत्या.

एसटीतून उतरून गल्लीत आले. आमच्या घराच्या जागी उजेड होता. मागचं कडुलिंबाचं झाड एरवी घराआड असायचं, ते बुंध्यापासून दिसत होतं. बाबा आणि माय चार बल्ल्यांवर ताडपत्री टाकून खाली बसले होते. मायनं चूल मांडली होती. मला पाहून बाबा उभे राहिले, अंगावर सगळी माती, आणि म्हणाले, "काऊन, कसं साफ करून ठेवलो जागा? इंजिनेराले मोजाले सोपं."

मी पिशवी खाली ठेवली. "बाबा, फोटो..." एवढंच म्हणाले. काय सांगणार होते? त्यांच्या डोळ्यांत एवढा आनंद होता. मी म्हटलं, "बरं झालं." ही माझी दुसरी चूक, आणि पहिलीहून मोठी.

अभियंता आठवड्यानं आला. तरुण पोरगा, वागायला चांगला. त्यानं मोबाइल वर केला, खाली केला, माझ्याकडं पाहिलं. "ताई, घर?" मी सांगितलं. त्यानं डोक्याला हात लावला. घराचा जुना फोटो आहे का म्हणून त्यानंच विचारलं. आमच्याकडं घराचा एकच फोटो, धाकट्या बहिणीच्या लग्नातला, आणि त्यात मांडवाच्या कनातीनं घर पार झाकलेलं. माणसं दिसतात, घर दिसत नाही. तसंही ॲपला जुना फोटो चालला नसता. मग त्यानं मला जे सांगितलं ते मलाही ठाऊक होतं. कच्चं घर उभं असेल तर घरटॅक्सच्या पावतीवर भागतं. घर नसेल तर ती मोकळी जागा. मोकळ्या जागेला पट्टा लागतो. आणि जागा झुडपी जंगल.

बाबा ऐकत होते. ते वाकले, जमिनीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "झुडूप कुठी आहे, दाखवा ना जी. हे आमचं देवघर होतं. हे चूल. इथी ते झोपून राहाची," म्हणजे मी. अभियंत्यानं काही लिहिलं नाही. "पाहू काका, वर कळवतो," म्हणाला.

वरून उत्तर आलं ते माझ्याच स्क्रीनवर. बाबांच्या नावापुढं अपात्र. कारण लिहायचा रकाना मोकळा होता, तो भरायचं काम माझं. मी लिहिलं, जागेची मालकी सिद्ध होत नाही. दिवसातून चार वेळा हे वाक्य लिहायची सवय होती. यावेळीही सवयीनंच लिहिलं. त्याचीच मला आजही लाज वाटते.

घरी सांगितलं नाही. पावसाळा तोंडावर होता. गल्लीतल्याच एका बाईनं मागची खोली दिली, भाड्यानं. येण्याजाण्याचं दार तिच्या घरातूनच. बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, "का झालं आपल्या घराचं?" आणि मी म्हणायचे, "प्रक्रिया चालू आहे." हे आमचं कार्यालयातलं वाक्य. माणसाला परत पाठवायचं असलं की ते वापरतात. मी ते माझ्या बापाला चार महिने वापरलं. माय एकदा म्हणाली, तोवर कवेलू तरी मागून आणा, दोन भिंती घालून झाकून घेऊ. बाबा चिडले. "दिलेलं मांगाले जाऊ? पान्यापावसात लोकाईच्या डोक्यावरून उतरवू?" त्या पावसाळ्यात आमच्या कवेलूंखाली सात घरं कोरडी होती. माय पराती घेऊन बाईच्या खोलीतल्या गळतीखाली ठेवायची. मोरी नव्हतीच. बाबा तिला हाताला धरून बाहेर न्यायचे, आणायचे.

हरकत नोंदवता येते, तीही मी नोंदवली, लपून. अर्जावर बाबांचा अंगठा घेतला तेव्हा साधा फॉर्म आहे म्हणून सांगितलं. हरकत फेटाळली गेली.

दिवाळीनंतर अंतिम यादी फलकावर चिकटवली. बाबांना वाचता येत नव्हतं. कुणीतरी वाचून दाखवली असणार. मी खिडकीवर होते, रांग मोठी होती. मान वर केली तर समोर बाबा. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, एका हातात पिशवी, दुसऱ्यात अर्जाच्या पावतीचा कागद. ते रांगेत उभे राहून आले होते. मधून घुसले नव्हते. लेक आत आहे म्हणून मागून आले नव्हते. मागं दहा-बारा माणसं, म्हणून त्यांनी मला नावानं हाक मारली नाही.

"मॅडम," ते म्हणाले, "अपात्र म्हणजे का जी?"

मला वाटलं खुर्चीसकट जमिनीत जावं. पण मागं लोक पाहत होते आणि माझ्या तोंडातून माझा नेहमीचा खिडकीवरचा आवाज निघाला. "अपात्र म्हणजे अर्ज नियमात बसत नाही. जागेची मालकी सिद्ध होत नाही."

"म्हणजे आपलं घर होतं, हे त्याईले मालूम नाई?"

"त्यांच्याकडं तशी नोंद नाही."

ते पुढं वाकले. मग खिडकीच्या गजाला हात धरून, हळू आवाजात, मागच्यांना ऐकू जाणार नाही असं बोलले. "तुले त मालूम आहे ना? तू त तिथीच जन्मली."

मी म्हटलं, "मला मालूम असून चालत नाही, बाबा."

"केव्हापासून मालूम होतं?"

मागून कुणीतरी म्हणालं, "चला ना जी भाऊ, गाडी निघून जाईन आमची." बाबांनी कागद घडी करून पिशवीत ठेवला. "येतो मॅडम," म्हणाले आणि बाजूला झाले. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी काही विचारलं नाही. पुढंही कधी नाही. रोज संध्याकाळचा तो प्रश्न बंद झाला. ते मला रागावले असते, दोन शिव्या घातल्या असत्या, तर मी रडून मोकळी झाले असते. त्यांनी तेवढीही संधी दिली नाही. की मला वाचवलं, अजून कळत नाही.

पौषात थंडी वाढली आणि त्यांची छाती भरली. गडचिरोलीच्या दवाखान्यात चार दिवस ठेवलं, घरी आणलं. पाचव्या सकाळी, माय चहा गाळत होती, ते गेले. भाड्याच्या त्या खोलीत.

रडणं सुरू झालं, गल्ली जमली. घरमालकीण मला बाजूला घेऊन गेली. तिचा चेहरा उतरला होता. वाईट बाई नव्हती ती. "माय, राग नको येऊ देऊ," ती म्हणाली. "माझ्या दारातून त्याईले नको काढू. नातू चार महिन्याचा आहे माझा. मागच्या खिडकीतून... नाई, तसं नाई म्हणत मी..." आणि तीही रडायला लागली. मी काय म्हणणार? दार तिचं. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेली माय बोलली, "आमी जाऊ आमच्या घरी."

दिवस नीट वर आला नव्हता. चौघांनी बाबांना तिरडीवर नव्हे, आजाऱ्याला नेतात तसं चादरीत घेतलं, घरमालकिणीनं तेवढं दारातून जाऊ दिलं, आणि चाळीस पावलांवर आमच्या जागेत नेलं. पावसाळ्यानंतर तिथं गवत वाढलं होतं, तरोटाही माजला होता. आता खरंच झुडूप झालं होतं. बाबांबरोबर छपरावर काम केलेल्या दोघा म्हाताऱ्यांनी विळ्यानं मधलं साफ केलं. आंघोळ तिथंच घातली, तिरडी तिथंच बांधली. बायका मायला धरून आल्या. ती चुलीच्या जागी जाऊन बसली.

निघायची वेळ झाली. चौघांनी तिरडी उचलली. नदीकडं जायला मागच्या कोपऱ्यातून रस्ता जवळ, सगळं मोकळंच, म्हणून ते तिकडं वळले.

"तिकून नाई," माय म्हणाली. आवाज एकदम स्वच्छ. "तिथी भिंत आहे. दारातून न्या त्याले."

चौघं थांबले. कुणी एकमेकांकडं पाहिलं नाही. खांद्यावर बाबांना घेऊन ते मागं फिरले, देवघर डाव्या हाताला ठेवून ओसरीत आले, आणि उंबऱ्यापाशी पुढच्या दोघांनी पाय उचलून टाकला.